बॅट टाक आणि पळ

मंगळ, ११ ऑक्टोबर १९८८, कॉव्हेंट्री

मराठीत लिहायचं, म्हणजे हाउसमेट कर्स्टी डोकावली तरी तिला ढिम्म कळणार नाही. आईने दर रविवारी कान धरून बाराखडी गिरवून घेतली, ती अशी कामाला आली.

तर. आजपासून युनिव्हर्सिटीची बेसबॉल टीम आहे. मी काढली. विद्यार्थी यूनियनच्या फॉर्मवर वीस सह्या हव्या होत्या, तेवीस नेल्या. खेळणारे त्यातले अकरा. बाकीचे पबच्या आशेने. कॅप्टनच्या चौकटीत माझं नाव लिहिलं, संगीता. दुसरं होतंच कोण?

रवि, १३ नोव्हें.

प्रॅक्टिस. रग्बीवाल्यांनी मैदान दिलं नाही. टेनिस कोर्टामागचा उताराचा तुकडा मिळाला. पळत जाऊन पाय ठेवायचे ते बेस नव्हते, तर आईने स्लाऊहून बासमतीच्या रिकाम्या पिशव्या धाडल्या, डबल शिलाई मारून. वाळू भरली. झकास दिसतात.

डोकेदुखी एकच. आमच्यात अर्धे क्रिकेटवाले, अर्ध्या शाळेत राउंडर्स खेळलेल्या. दोन्हींत बॅट घेऊनच पळतात. इथे चेंडू मारला की बॅट टाकायची आणि मोकळ्या हाताने सुटायचं. एक जण टाकेल तर शपथ! "ड्रॉप द बॅट!" ओरडून घसा बसला. कर्स्टी तर बेसला बॅट टेकवून झेंडा रोवल्यासारखी उभी. "अगं बाई, पाय! पाय लाव!" मराठीतच निघालं तोंडातून.

रवि, ५ फेब्रु. १९८९

टॉड नावाचा अमेरिकन आलाय, जूनपर्यंत. लहानपणापासून हेच खेळलेला. मुलगा चांगला आहे, तोच तर त्रास आहे.

पबमध्ये पोरांची कुजबुज चालली होती, ज्याला खेळ येतो त्यानेच कॅप्टन व्हावं ना. टॉड बिचारा मान खाली घालून क्रिस्प्स खात होता. माझं डोकं सटकलं. म्हटलं, मे महिन्यात आपली पहिली खरी मॅच आहे, ती जिंकून दाखवते. हरलो तर कॅप्टनशिप सोडते.

बोलून बसले. असू दे. जिंकणारच आहोत.

रवि, २३ एप्रिल, स्लाऊ

मॅचला अंपायर मिळेना. बाबांना विचारलं. वेअरहाउसच्या क्रिकेट क्लबात गेली कित्येक वर्षं तेच अंपायर. समोरच्या टीमला फोनवर सांगितलं की अंपायर माझे वडील. "फेअर असतील ना?" म्हणे. मला हसूच आलं. बाबांना ओळखत नाहीत अजून.

नियमांच्या झेरॉक्सवर बाबांनी पेन्सिलीने खुणा केल्यात. मधेच चष्मा काढून, "अगं, इथे लिहिलंय बॅट टाकून पळायचं. टाकायची? बॅट?"

चेहरा असा, की कुणी जेवणाचं ताट लाथाडलंय. यांनीच मला मागच्या गार्डनमध्ये शिकवलं होतं, काही झालं तरी बॅट हातातून सुटता कामा नये. खेळायच्या आधी कपाळाला लावायची.

"अहो बाबा, खेळ वेगळा आहे."

"बरं. नियम तो नियम."

आई स्वयंपाकघरातून, "घरचाच अंपायर. जिंकली म्हणायची पोरगी!" बाबा भडकले. "मैदानात मी कुणाचा बाप नाही."

शनि, १३ मे

हरलो. दहा-अकरा.

सकाळी टॉडने बाबांना शिकवलं, आउट द्यायचं तर मूठ वळून दाखवायची. बाबांनी चार वेळा करून पाहिली. पांढरा कोट घालून आले होते, क्रिकेटचाच. आमची पोरं छान खेळली. खरंच छान.

शेवटची पाळी. आम्ही एकने मागे, दोघं आउट, तिसरा गेला की संपलं. तिसऱ्या बेसवर कर्स्टी. मी पहिला बेस गाठला की तिची धाव धरणार आणि बरोबरी. चेंडू मस्त बसला बॅटवर. पळाले. चेंडू मागून येतोय हे ऐकू येत होतं, म्हणजे लोक ओरडत होते. वाकले, आणि बॅट पुढे सरकवून बासमतीवर टेकवली. पाय दीड फूट मागे. चेंडू आला, त्यांच्या पोराने झेलला, त्याचा पाय बेसवर.

मी! सात महिने गळा फाडून सगळ्यांना तेच सांगणारी मी!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक सेकंद. मग बोट वर केलं. मूठ विसरले.

रवि, १४ मे

सकाळी बाबांचा फोन. "आउट होतीस गं."

"माहीत आहे, बाबा."

मग बाबा, "बॅट सोडायची नाही हे मीच शिकवलं तुला."

"आणि ते मी विसरले नाही," म्हटलं. त्यांना हसू आलं का काय ते कळलं नाही. फोन आईने घेतला, जेवलीस का म्हणून.

ठेवल्यावर खूप रडले. मग चहा केला. कर्स्टीने न विचारता दोन चमचे साखर घातली.

मंगळ, १६ मे

पाच वाजता क्लबची मीटिंग, पुढच्या वर्षाचा कॅप्टन. यूनियनला क्लबचा इतिहासही हवाय, एक पान. सात महिन्यांच्या टीमला कसला इतिहास? पण लिहायला बसले तर पान भरलं की. उतारावरचं मैदान, आईच्या पिशव्या, सगळं.

कर्स्टी म्हणाली, शेवटचं गाळ, नुसतं "नॅरो डिफीट" लिही. कशाला गाळू? लिहिलं: शेवटचा आउट कॅप्टनचा. बेसला पाय लावायचा सोडून बॅट लावली. अंपायर कॅप्टनचे वडील. निर्णय बरोबर. हे मीच वाचून दाखवणार, मोठ्याने.

टॉड मघाशी दारात आला होता. जूनमध्ये परत चाललाय, पण पोरं म्हणतायत थांब, एक वर्ष वाढवून घे. "आय डोन्ट वॉन्ट इट लाइक धिस," म्हणाला. म्हटलं, गपचूप निवडणुकीला उभा राहा.

कारण मीही राहणार आहे. आधी राजीनामा देईन, शब्द दिलाय. मग नाव परत घालेन. सोडते म्हणाले होते, पुन्हा उभी राहणार नाही असं कुठे म्हणाले होते? टॉड धरून बारा मतं. कर्स्टीचं नक्की, माझं नक्की. बाकी दहा बघू.

पाचला पाच कमी. सवयीने बॅट उचललीच होती. पलंगावर टाकली. पळते.