डोळ्यामागची गोल खूण

बाई,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि तुम्हाला लिहायला निमित्त झालं ते एका बेडकाचं. इथे परदेशात, फ्लॅट बुश या उपनगरात, आमच्या घरामागे बागेच्या नळाखाली कायम ओल असते. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी लेक तिथून ओरडली, "आई, कम क्विक!" तिनं उचललेल्या कुंडीखाली अंगठ्याएवढा तपकिरी बेडूक बसला होता. ती दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. "इज इट अ नेटिव्ह वन?" तिनं विचारलं. मला फार्मसी उघडायला जायचं होतं. फोनवर दोन फोटो पाहिले, रंग जुळला, आणि मी सांगून टाकलं, "हो, इथलाच आहे. फार दुर्मीळ असतात हे."

तुम्ही असतात तर तिथेच अडवलं असतंत. आठवीत तुम्ही ट्रेमध्ये बेडूक ठेवून आकृती काढायला सांगितली होती आणि मी ती घरी बसून गाईडमधून उतरवली होती. तुम्ही माझी वही वर्गासमोर धरता. "सुरेख काढलंय," म्हणता, आणि मी फुलून जाते. "पण गाईडच्या छपाईत याच्या पायाचं एक बोट गेलंय, ते हिच्याही बेडकाचं गेलंय." अख्खा वर्ग हसतो. मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावून घेता, डब्यातली अर्धी गुळपोळी हातावर ठेवता आणि म्हणता, "नाव सांगायची घाई करू नकोस. आधी पाय बघ, मग डोळा, मग डोळ्याच्या मागे काय आहे ते बघ." मी ती पोळी रागारागानं खाल्ली.

लेकीनं सोमवारी शाळेत बातमी दिली. तिच्या शिक्षिकेनं शुक्रवारी वर्गासमोर बोल म्हणून सांगितलं. बुधवारी शेजारचे आजोबा कुंपणावरून "किया ओरा" असा इथला नमस्कार करत डोकावले. त्यांची बरीच वर्षं डोंगरातल्या ओढ्याकाठी झाडं लावण्यात गेली आहेत. लेकीनं त्यांना मोठ्या अभिमानानं कुंडी उचलून दाखवली. ते गुडघ्यावर बसले, बराच वेळ बघत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "डोळ्यामागे गोल खूण दिसते ना? तो कानाचा पडदा. इथल्या मूळच्या बेडकांचा तो बाहेरून दिसत नाही, त्यांच्या बोटांच्या टोकांना अशा गाद्याही नसतात. हा ऑस्ट्रेलियातून आणलेला, शीळ घालणारा." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "यू सेड सो," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी दाराबाहेर जमिनीवर बसले. "चूक माझी आहे," म्हटलं. "मी नीट बघितलंच नाही." मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली, पोळीसकट. पायाच्या बोटापाशी आले तेव्हा दार थोडं उघडलं. "यू कॉपीड अ मिसिंग टो?" आणि ती खो खो हसायला लागली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी गवतावर पालथ्या पडून त्या बेडकाकडे बघत होतो. तिनं आकृती काढली. चारदा खोडली. शुक्रवारी मी कामावर उशिरा येईन असं कळवलं आणि वर्गात मागे उभी राहिले. "मी अँड माय मम गॉट इट राँग," तिनं सुरुवात केली. माझे कान तापले. पण मग तिनं कानाचा पडदा, बोटांच्या गाद्या, शीळ, सगळं न अडखळता सांगितलं. एका मुलीनं विचारलं, "सो इट्स नॉट स्पेशल?" लेक म्हणाली, "आय डोन्ट नो. आय हॅव ओन्ली लुक्ड अॅट वन." बाई, तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं असतंत. आता दर रविवारी त्या वर्गातल्या दोघी-तिघी गमबूट घालून बेडूक बघायला आमच्याकडे येतात. नवऱ्यानं त्या कोपऱ्यात बसायला लाकडी डेक बांधायचं ठरवलं होतं, तो आता दुसरीकडे सरकवलाय.

हे पत्र वहीतच राहणार आहे, तेव्हा लिहूनच टाकते. तुम्ही शेवटच्या आजारात होतात तेव्हा मी महिनाभर आपल्या गावातच होते. भेटायला आले नाही. वेळ मिळाला नाही, असं सगळ्यांना सांगितलं. वेळ होता, बाई. तुम्हाला तसं बघायची भीती वाटली.