चिंगी, मनीप्लांट आणि मिरची

मंगळवार, संध्याकाळ

शी! उलटीचा वास हातावरून जात नाही. चिंगीने आज पुन्हा मनीप्लांटची पानं कुरतडली आणि दिवाणावर हिरवी, चिकट उलटी केली. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "त्या पानांनी मांजराच्या तोंडाची आग होते. तोंड पुसून घेऊन या."

पुसलं तर फडकं लाल. रक्त? नाही, परवा आम्हीच कुटलेली मिरची!

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मीच टाकी मिरची पानंस्वर. झाड वाचाले पाहिजे का नको?"

चार पानं गेल्याने झाड मेलं असतं? त्या हिरव्या उलटीपेक्षा त्यांच्या शांतपणाची जास्त किळस आली.

डॉक्टरांना दाखवून आणलं, चिंगी आता बरी आहे. कुंडी शेजारच्या काकूंना देऊन आले. सासूबाईंना मात्र एक शब्द बोलले नाही. स्वतःचीच किळस येतेय.