हिरव्या स्टँडमधली निळी खुर्ची

मेलविल, सॅस्कॅचेवान
ऑगस्टचा दुसरा आठवडा

आदरणीय मेहुणे मायरन यांस,

विनिपेगमध्ये डासांसकट सगळे खुशाल असतील अशी आशा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. गहूही बरा आहे. आमचा फुटबॉल संघ बरा नाही, पण ते तुम्ही पेपरात दोनदा वाचलं असेल, एकदा माहितीसाठी आणि एकदा आनंदासाठी.

मार्चमध्ये स्टेलाला निरोप देऊन तुम्ही चर्चच्या तळघरातलं जेवण न घेताच निघून गेलात आणि त्यानंतर तुमच्याकडून अवाक्षर नाही. माझा राग नाही. (तुमच्या वाट्याचे कोबीचे रोल स्टेडियममध्ये आमच्या मागे बसणाऱ्या व्हायोलेटने मलाच वाढले, म्हणजे नुकसान झालंच तर माझ्या पोटाचं झालं.) तुमच्या बाजूने पाहिलं तर मला समजतं. बहीण विनिपेगची, जन्मभर तुमच्या निळ्या संघाची, लग्न होऊन आमच्या हिरव्यांच्या मुलखात आली तरी बधली नाही, आणि शवपेटीत पाहावं तर अंगात आमच्या संघाचं हिरवं जाकीट. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "दाजी, जिवंतपणी जमलं नाही म्हणून आता पक्षांतर करवलंत?" पाद्रीसुद्धा हसू दाबत होता असं मला वाटलं. (तो रेजायनाचा, म्हणजे आमच्या हिरव्यांतलाच.) मला चारचौघांत पटकन उत्तर सुचत नाही, म्हणून आता देतो. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली होता, जमीन फोडायला यंत्र आणावं लागलं होतं, आणि तिचं सगळ्यांत उबदार जाकीट तेवढं एकच होतं. रंगाचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. निळं जाकीटही घरात होतं म्हणा. तुम्हीच तिला नाताळात दिलेलं, सेलमधलं, ज्याचं अस्तर पहिल्याच हिवाळ्यात सुटलं. असो. भेट देणाऱ्याचा भाव पाहावा.

आता तिच्या खुर्चीबद्दल. रेजायनाच्या स्टेडियममध्ये आमच्या दोन खुर्च्या किती वर्षं आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. मी हिरवा, ती निळी, आणि आजूबाजूला सगळे हिरवे. मागे व्हायोलेट ग्रॅस्मिक. व्हायोलेटचा आवाज धान्याच्या कोठारातल्या भोंग्याच्या तोडीचा. "ए स्टेला, तुझ्या पोरांना बॉल धरता येत नाही, निदान दार तरी धरायला सांग, घरी जाताना उपयोगी पडेल!" मग स्टेला उठून मागे वळायची, नाटकातल्या राणीसारखी वाकून नमस्कार करायची आणि म्हणायची, "व्हायोलेट, तू आधी गुणफलक वाचायला शीक." यावर अख्खी रांग खूश. दोघी मध्यंतरात एकाच थर्मासमधून कॉफी प्यायच्या, हे वेगळं.

यंदा पहिल्याच सामन्यात समोरच्यांच्या हातून बॉल सुटला आणि व्हायोलेट सवयीने पुढे झुकून म्हणाली, "काय गं बाई, आता बोल ना…" आणि तिचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे गेलं. मग सगळी रांग खाली मान घालून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली. आम्ही जिंकलो, पण पार्किंगमध्ये कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. नुसतं जिंकून काय करायचं, कोणाच्या तरी नाकावर टिच्चून जिंकायला हवं ना. तेव्हा रांगेने ठरवलं की खुर्ची भरायची. मला कोणी विचारलं नाही. मी काही बोललो नाही, तो होकार धरला गेला. (आमचा संसारही याच पद्धतीने चालला, त्यामुळे तक्रार नाही.)

पहिला उमेदवार टोरंटोचा. त्याने दोन प्रश्न विचारले: कॅनडाच्या फुटबॉलमध्ये दहा यार्डांसाठी तीनच प्रयत्न का देतात (अमेरिकेत चार असतात म्हणे), आणि वाइन कुठे मिळेल. त्याला कोणी टोमणा मारला नाही. लोकांना त्याची दया आली. दुसरा ब्रँडनचा एक दंतवैद्य, अस्सल निळा, टोपीपासून मोज्यांपर्यंत. रांगेला वाटलं, सापडला. व्हायोलेटने घसा साफ करून सुरुवात केली, "डॉक्टर, तुमच्या बचावफळीत दातांपेक्षा फटी जास्त आहेत!" त्याने शांतपणे विचार केला आणि म्हणाला, "खरं आहे हो, यंदा आमचं जरा कमी पडतंय. माफ करा." मध्यंतरात व्हायोलेट माझ्याकडे आली, डोळे भरलेले. म्हणाली, "रॉय, याला बोलणं म्हणजे वासराला लाथ मारणं. मला नाही रे जमत."

त्याच सामन्यात माझं कलिंगडाचं प्रकरण झालं. विनिपेगपर्यंत बातमी पोचलीच असेल, पण अधिकृत हकिगत अशी. आम्ही हिरवे सामन्याला जे कलिंगड डोक्यावर घालतो, ते माझं दरवर्षी स्टेला कोरून द्यायची. (शत्रूपक्षाचं शिरस्त्राण स्वयंपाकघरातल्या चमच्याने घडवणं हा तुमच्याकडे गुन्हा असल्यास तो तिने वर्षानुवर्षं केला.) ती माझ्या डोक्याला दोरा लावून माप घ्यायची, पांढरा भाग लागेपर्यंत गर खरवडायची, आत जुना पंचा घालायची. मी कलिंगड नजरेच्या अंदाजाने आणलं आणि गर अर्धा ठेवला, वजनदार असलेलं बरं म्हणून. तासाभरात रस कानांमागून कॉलरमध्ये आणि त्यामागोमाग गांधीलमाश्या. काढायला गेलो तर निघेना, उलट नाकापर्यंत खाली आलं. आमच्या संघातल्या एका पोराने या मोसमातली सगळ्यांत लांब धाव घेतली म्हणतात. मी ती ऐकली. शेवटी व्हायोलेटने थर्मास घेऊन ते माझ्या डोक्यावरच फोडलं. रांग हसून हसून आडवी पडली. मीही हसलो, आणि आता स्टेला काय म्हणते म्हणून उजवीकडे वळलो. तिथे दंतवैद्य बसला होता. त्याने मला कागदी रुमाल दिला आणि माफी मागितली.

तेव्हा मी रांगेला सांगितलं की यापुढे खुर्ची रिकामी राहू द्या. मी बोललो याचंच त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की कोणी वाद घातला नाही.

बाकी सर्व ठीक. सौ. ना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

आपला,
रॉय टोकारिक

ता.क. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या रविवारी तुमचे निळे आमच्याकडे येत आहेत. खुर्ची रिकामी ठेवणं मला आता जमेल असं वाटत नाही. सोबत तिकीट जोडलं आहे. भांडकुदळ, आडमुठा आणि मेला तरी माफी न मागणारा कोणी तुमच्या ओळखीत असल्यास द्यावं. मी बराच विचार केला, मला एकच नाव आठवतं.

आणखी ता.क. निळं घालूनच या. दुखवट्याचा मान म्हणून करडं-बिरडं घालून आलात तर व्हायोलेट सोडणार नाही. ती गाडी चालवताना तुमच्यासाठी तयारी करते, असं तिचा नवरा सांगतो. तो हल्ली मागच्या सीटवर बसतो.

शेवटचं ता.क. वर राग नाही असं लिहिलं, ते खरं नाही. भरपूर आहे. तो रविवारी समोरासमोर काढू, तिथे आरडाओरडा केला तरी कोणी वळून बघत नाही. आणि तुमचे जिंकले (जिंकतीलच, आमचा बचाव मी पाहिला आहे) तर माझ्याकडे वळून मोठ्याने हसा. तिच्याइतकं नाही जमलं तरी चालेल.