खाकी कव्हरची अकरा पुस्तकं

३ जून
सुमनला जाऊन आज महिना. मेघा पुण्याला परत गेली. गाडीत बसवून आलो. मुलगी गेली की वाईट वाटायला हवं. काही वाटलं नाही.
निघायच्या दोन दिवस आधी म्हणाली, "बाबा, आईची थोडी पुस्तकं इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीला द्या." काल दिली. खाकी कव्हर घातलेली अकरा. जुनी असतील म्हणून ती. रंगीत दिसायला बरी, ती ठेवली.

५ जून
अर्धा लिटर दूध अजून दोन वेळा तापवतो. एकट्याला जास्त होतं.
फोनच्या डायरीत मागच्या पानावर सु.ची यादी सापडली. वर लिहिलंय 'राहिलेली'. अकरा पुस्तकांची नावं. सगळी तिच्या आवडत्या, आता हयात नसलेल्या लेखकांची. खाली 'घाई नको'.
अकरा. म्हणजे मी दिली तीच. न वाचलेली.
पूर्वी एकदा विचारलं होतं, आणतेस आणि वाचत का नाहीस. म्हणाली, "अहो, ही माणसं आता नवीन लिहिणार आहेत का? सगळं वाचून टाकलं तर मग काय?" आणि खाकी कागद कशाला? "चित्र दिसलं की हात जातो."
मी पेपर वाचत होतो. 'हं' म्हटलं असेन.

७ जून, रविवार
मंडळात गेलो. लायब्ररी राव सार बघतात. तंजावरकडचे मराठी, वयाने माझ्याहून मोठे. खाकी कव्हरं काढून शिक्के, नंबर सगळं करून झालेलं.
"दान दिलेलं परत कसं देऊ, सार? कमिटीच्या वहीत चढलं. मेंबर व्हा, एकेक घेऊन जा."
मी वाचणाऱ्यातला नाही म्हटलं.
"माहीत आहे. सुमनबाई सांगायच्या. पेपर मात्र टेंडर नोटिशीसकट वाचतात म्हणून."
नवीन कार्ड करत होते. सु.चंच चालेल का विचारलं. नवीन बाजूला ठेवलं. मग तेच काढून दिलं. शेवटची तारीख फेब्रुवारीतली.
दहा कपाटात होती. एक लांबच्या तांबरम उपनगरातल्या कोणी बाई घेऊन गेल्यात. राव सार म्हणाले, फोन करून मागवतो. नको म्हटलं.
यादीतलं पहिलं घेतलं. मुदत दोन आठवडे.

९ जून
पुस्तक टेबलावर आहे. उघडलं नाही.
मेघाचा फोन. "वाचा की, बाबा. आईला बरं वाटलं असतं."
कुणास ठाऊक. तिने मुद्दाम ठेवलेलं. मी वाचलं तर एक संपलं. नाही वाचलं तर कपाटात जाणार, दुसरं कोणी

पाण्याचा टँकर आला म्हणून उठलो होतो.

१२ जून
अकरा पानं वाचली. हळू जातं. नावं लक्षात राहत नाहीत, कागदावर लिहून घेतली.
मेसचा डबा. रसम चांगलं होतं म्हणतात शेजारचे. असेल.

१५ जून
पान ६३ वर एक ओळ आहे. सु.ने ती "ऐका हो" म्हणून नक्की वाचून दाखवली असती. मी टीव्हीचा आवाज कमी केला असता. बंद नसता केला.

१९ जून
पाऊणच्या वर झालं. शेजारच्या मामींनी विचारलं, दिवसभर दिवा का लावलेला. वाचतोय म्हटलं. त्यांना खरं वाटलं नाही.

२१ जून, रविवार
मुदत संपली. पुस्तक घेऊन गेलो.
"झालं, सार?"
"थोडं राहिलं."
त्यांनी खूण काढून बघितलं. "चौदा पानं? पंख्याखाली बसा. अर्ध्या तासात होईल. मी चहा सांगतो."
नको म्हटलं. मुदत वाढवून द्या.
चष्म्यावरून बघत होते. "बाई पण असंच करायच्या," म्हणाले. म्हणजे काय ते विचारायचं राहिलं. कार्डावर सु.च्या नावाखाली ५ जुलै असा शिक्का मारून दिला.
येताना स्टेशनजवळच्या दुकानातून खाकी कागद आणला. कव्हर घातलं. कोपरे तिच्यासारखे बसत नाहीत. दोनदा उलगडून पुन्हा दुमडले.
कागद अजून उरलाय. बाकीच्या दहा पुस्तकांना पुरणार नाही.