गळती दिसली की आधी मेन बंद

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि परवा समुद्राच्या तळाशी मी तुमचंच ऐकलं. हसू नका. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली फिटर झालेला तुमचा हा पोरगा, ज्याला विहिरीत धड पोहता येत नव्हतं, तो लेकीच्या हट्टापायी मालवणला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरला. बारावीत चांगले मार्क पडले म्हणून तिनं मागितलेलं हे बक्षीस. होडीवर शिकवणारा दहादा सांगत होता, "काका, काय झाला तरी कशाक हात लावू नकात. नुसतो हात हलवून दाखवा, मी आसय." मनात म्हटलं, पंचवीस वर्षं कंप्रेसरवर काढली राव, मला काय हवेचं शिकवतोस!

खाली दोन-तीन पुरुष पाणी. पोरीच्या तोंडातला रेग्युलेटर अचानक भसाभसा हवा ओकायला लागला, बुडबुड्यांत तिचा चेहराच दिसेना. मला दिसली ती फक्त गळती. लहानपणी वर्कशॉपमध्ये हवेची लाइन फुटली तेव्हा मी बोटानं भोक दाबत बसलो होतो, आणि तुम्ही सगळ्यांदेखत कानाखाली वाजवली होतीत. "गाढवा, गळती दिसली की आधी मेन बंद! मग बाकीचं." माझा हात तिच्या पाठीमागं जातो, टाकीची चावी गच्च फिरवतो. बुडबुडे थांबतात. आणि मी, अण्णा, बोटं जुळवून तिला 'सगळं ठीक'ची खूण करतो.

काचेआड तिचे डोळे एवढाले झाले. चूक कळली, तर चावी उलटी कुठं फिरवायची तेच सुचेना. हातच चालेना. शिकवणाऱ्यानं मला ढकललं, आपली जादाची नळी तिच्या तोंडात दिली आणि माझा पट्टा धरून दोघांनाही हळूहळू वर नेलं. मी नुसता पोत्यासारखा लोंबकळत होतो. होडीवर ती खोकत म्हणाली, "पप्पा, मी हात हलवत होते ना. तुम्ही बघितलंच नाही."

तेव्हा मला तुमचा हात आठवला. ग्राइंडिंगच्या धुळीनं तुमची फुप्फुसं गेलेली, दिघीच्या खोलीत खाटेशेजारी ऑक्सिजनची टाकी, तिच्या तोंडाशी सूं सूं आवाज. आई दूध आणायला गेलेली. "दोन मिनिटांचं काम आहे अण्णा, वॉशर बदलतो," म्हणत मी मेन बंद केला. तुम्ही हात हलवलात. मला वाटलं, म्हातारा घाई करतोय. वॉशर काही बसेना. मान वर केली तेव्हा हात खाली पडला होता. डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या जाणारच होते. अठरा वर्षं मी तेवढंच धरून बसलो होतो. आता धरवत नाही.

पोरीची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या पप्पा." तुमच्याकडून तेवढंही मिळायचं नाही. हा कागद फाडणार आहे, आईच्या हाती लागायला नको. तिला मी सांगितलं होतं, टाकी शेवटपर्यंत चालू होती.