मनगटावरची रेघ

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार वि. वि. खरं तर साष्टांगच घालायचा, पण तळवे जमिनीला टेकले की आग होते. उभ्यानेच पोचला असं समज.

बातमी आधी, रडगाणं मागाहून. ग्रंथालयातून जुने नकाशासंग्रह आलेत, अठरा खंड! पाठी उसवलेल्या, दोरे कुजलेले. सगळे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करून नव्याने शिवायचे. आमच्या बांधणीच्या कारखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ते सर्वांदेखत म्हणाले की शिवण हिची. सात वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते गं!

आता रडगाणं. बोटांना भेगा पडल्यात, मनगटापर्यंत हात लाल, आणि खाज अशी की दाराच्या चौकटीवर घासत सुटावं. परवा एका फर्म्यावर रक्ताचा थेंब पडला. पान कोरं होतं म्हणून वाचले. काकांनी पाहिलं, पण ओरडले नाहीत, तेच वाईट. महिनाअखेरपर्यंत हात बरे झाले तर ठीक, नाहीतर तू काउंटरवर बस, शिवायला दुसरी बघतो, एवढंच म्हणाले. काउंटरवर, आत्या! मी!

तू धाडलेले रबरी हातमोजे सकाळी चढवते ते संध्याकाळीच उतरवते. सुई नीट कळत नाही तरी शिवतानाही काढत नाही. पुठ्ठे कापणारी मैत्रीण म्हणते हा नायटाच, आणि तिने नवऱ्याच्या मलमाची उरलेली ट्यूब आणून दिलीय. बाबा म्हणतात, सोड नोकरी. तू काय म्हणतेस?

लोभ आहे तेवढा पुरे, उपाय मात्र भरपूर पाठव.

तुझी भाची


ता. ७ फेब्रुवारी

चि. भाचीस,

तुला अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाला अर्धा, तोही नोकरी सोड म्हणाल्याचे शब्द मागे घेतल्यावर.

तू काउंटरवर बसणार नाहीस! पोरी, लोक जाडजूड ग्रंथ वाचून शहाणे होतात, पण त्या ग्रंथाच्या पाठीत टाका कोणी घातला हे एकालाही ठाऊक नसतं. ते हात फाटेपर्यंत त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि फाटले की हातांनाच दोष! मी हे चालू देणार नाही.

गुन्हेगार तर उघड आहे. तुमची ती चिकटवायची खळ! कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद कालवता आणि वर विचारता, हात का जळतात? मी तीन पुस्तकं उपसून खात्री केली आहे. आणखी एक डझन हातमोजे पाठवते. घरी भांडी घासतानाही घाल. मागच्या रविवारी लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांच्या सभेत मी हेच ठणकावून सांगितलं आणि दोनशे जणींना हेच मोजे मिळवून दिले. टाळ्या थांबेनात!

ती ट्यूब कचऱ्यात टाक. दुसऱ्याच्या दुखण्याचं मलम तू का लावायचं? त्वचेच्या डॉक्टरकडे जा, आणि खळीची डबी घेऊन जा. पुरावा टेबलावर ठेव. मग त्या काकांशी मी बोलते.

लोभ वाढवायचा तर उत्तर लवकर लिही.

तुझी आत्या


ता. १७ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार, आणि हे वाचण्याआधी खुर्चीत बस.

डॉक्टरबाईंनी खळीच्या डबीकडे पाहिलंही नाही. आधी हात उलटेसुलटे करून पाहिले, मग प्रश्नांचा मारा. सुट्टीत बरं वाटतं का? लहानपणी दमा, त्वचेचे त्रास? हात दिवसातून किती वेळा धुतेस? मी म्हटलं, दहा-बारा वेळा, कढत पाण्याने, खळ निघावी म्हणून खरखरीत साबण लावून. त्यांनी कपाळाला हात लावला. थोडी साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी नाही, म्हणजे नायटा नाही. हे इसब.

मग त्यांनी माझ्या मनगटावर पेनाने रेघ ओढली. लाली बरोबर तिथे संपत होती, पट्टीने आखल्यासारखी. खळ काय रेघ आखून लागते, असं त्यांनी विचारलं.

पाठीवर बारीक पट्ट्या चिकटवल्या. त्यात साबण नव्हता, कारण तसला साबण कोणाचीही त्वचा सोलतो, त्याला चाचणी लागत नाही म्हणाल्या. पण खळ होती, मोरचूद होतं, रबरातली रसायनं होती आणि माझ्या मोज्याचा एक तुकडाही. दोन दिवस पाठ ओली करायची नाही. मग पट्ट्या काढून पाहिलं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. खळीची जागा स्वच्छ. मोरचूदाचीही. मोज्याची आणि रबरातल्या रसायनांची मात्र लालभडक, फोडांनी भरलेली!

आत्या, रागावू नकोस. सुरुवात त्या साबणाने केली, त्वचा फाटली, आणि फाटलेल्या त्वचेवर मी दिवसभर रबर चढवून बसले. जितकं जपलं तितकं बिघडलं. आता साबण बंद, कोमट पाणी, दर धुण्यानंतर जाड मलम, आणि सूज उतरवणारं औषधी मलम ठरलेल्या दिवसांपुरतंच. दिवस अकरा उरलेत. डॉक्टरबाई म्हणतात, सुधारेल, पण तारखेची हमी देणार नाहीत.

लोभ राहील ना? मोजे तुझे होते, म्हणून विचारते.

तुझी भाची


ता. २१ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद, आणि तुझ्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार. त्या बाईने शाईच्या एका रेघेत माझी तीन पुस्तकं गारद केली!

आधी ती तिन्ही पुस्तकं परत कपाटात कोंबली. मग वाटलं, माझ्या दोनशे जणींचं काय? काल तातडीची सभा बोलावली. उभी राहिले आणि म्हणाले की मी चुकले. चाळीस वर्षांत व्यासपीठावरून हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. मग म्हटलं, बाह्या वर करा, मनगटं दाखवा. पोरी, नऊ जणींना तीच रेघ! इतके दिवस निमूट सोसत होत्या, कारण बाईंनी सांगितलंय. इस्त्रीवाली माझ्या तोंडावर म्हणाली की बाई, तुमचं भाषण इतकं भारी होतं की खाजवायचीसुद्धा चोरी झाली. सगळा हॉल हसला, मी सगळ्यांहून मोठ्याने.

मोजे फेकून द्या असं मी म्हणाले नाही, घाईने फतवा काढण्याची हौस फिटली. ज्यांना रेघ आहे त्यांची तपासणी होईल, त्यांना रबराविना बनलेले मोजे मिळतील, आत सुती अस्तराचे. ते मिळवेपर्यंत मी लाँड्रीच्या मालकांना झोपू देणार नाही.

तुझ्या काकांशी मात्र मी बोलणार नाही. तू बोल. सगळं खरं सांग, हमी नाही हेही सांग.

लोभ विचारून घ्यायचा नसतो, वेडे.

तुझी आत्या


ता. २८ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार, या खेपेला साष्टांग!

सगळं सांगितलं. की भेगा भरल्यात, दोन बोटं अजून गुलाबी आहेत, आतली त्वचा सावरायला काही महिने लागतील, आणि रबर मला आयुष्यभर चालणार नाही. शेवटी म्हटलं, काका, खळ निर्दोष आहे. मला उघड्या हातांनी शिवता येईल.

काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ माझी बोटं न्याहाळली. मग मोरीवरचा तो खरखरीत साबण उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. म्हणाले, मीही तीस वर्षं यानेच धुतोय.

पहिला खंड काल शिवून झाला. आत्या, दोरा ओढला की कागद किती ताणला जातोय हे बोटाला कळतं! मी विसरूनच गेले होते. नकाशा मधोमध उघडला तर समुद्र सपाट पसरला, कुठे सुरकुती नाही. काकांनी तो दोनदा उघडून मिटला आणि दुसरा खंड माझ्यासमोर सरकवून गेले.

तो उसवून ठेवलाय, दोरा ओवलाय. म्हणून आज लोभाचं काही लिहीत नाही. हात कामात आहेत.

तुझी भाची