भिंतीवर दोन ठोके

१४ ऑक्टोबर, सोमवार

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते. एक : आज सकाळी अकरा वाजता मी व्हिएन्नाहून एन्स नदीच्या खोऱ्यातील या गावी पोचले. दोन : येथील मठाच्या ग्रंथालयातील हस्तलिखितांची दुरुस्ती अठरा महिन्यांसाठी माझ्याकडे सोपवण्यात आली आहे. तीन : राहण्यास मिळालेले घर रस्त्याच्या शेवटी असून मालकीणबाई क्रेसेंझिया लोइडोल्ड समोरच राहतात. गाव त्यांना झेंझी म्हणते. चार : घर उत्तम आहे. हे चौथे कलम मी सहसा कोणत्याही घराविषयी लिहीत नाही.

तळघरात तीन खोल्या आहेत. पहिलीत बॉयलर, दुसरीत त्याच्या इंधनाचे, म्हणजे भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांचे, पेलेटचे कोठार, तिसरी रिकामी. तिसरीची हवा इतकी कोरडी आणि तापमान इतके स्थिर की मी तेथे लगेच माझे टेबल मांडले. कागदाला जे मानवते ते मलाही मानवते.

मी डॉक्टर आहे म्हणताच झेंझीबाईंनी गुडघा पुढे केला. मी कागदांची डॉक्टर आहे असे सांगितल्यावर त्यांनी तो तितक्याच तत्परतेने मागे घेतला. “म्हणजे माझ्या काहीच उपयोगाच्या नाही तुम्ही!” बाई प्रसन्न आहेत. फक्त घर दाखवताना त्यांनी दोन नियम सांगितले, तेही पाठ केल्यासारखे. कोठाराचे दार नेहमी वीतभर उघडे ठेवायचे. आणि साठा किती उरला हे पाहण्यासाठी कोठाराच्या भिंतीवर ठोकले, तर लगेच मोठ्याने “मोजतेय!” अशी हाक द्यायची. येथे सगळे ठोकूनच मोजतात : भरलेल्या भागाचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा पोकळ. हाक कशासाठी, असे विचारले. बाईंनी अंगणातल्या सफरचंदांचा विषय काढला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पेलेट आले. चार टन, गेल्याच आठवड्यात कारखान्यातून निघालेले. जुना माल मी साफ नाकारला होता. टँकरचा चालक फेर्डल बाहेरच्या भिंतीतील कोठार भरण्याच्या तोट्यांना नळी जोडत असताना मी नमुना मागून घेतला, चाळला, भुसा वजनकाट्यावर तोलला आणि दहा पेलेटची लांबी मोजली. फेर्डल टोपी मागे सारून बघत राहिला. “बाई, खायचे नाहीत ते, जाळायचेत.” त्याला म्हटले, जे जाळायचे तेही नीट असावे. तो म्हणाला की मी त्याची बायको असते तर त्याने आजच घटस्फोट घेतला असता, सुदैवाने मी नाही. नंतर मात्र गंभीर होऊन त्याने बजावले : माल ताजा आहे, ताजा माल जास्त फुंकतो, तोट्यांवरची भोकांची झाकणे मोकळी राहू द्या आणि चार आठवडे तरी आत डोके घालू नका. “फुंकतो” म्हणजे काय, हे त्याला व्याकरणशुद्ध वाक्यात सांगता आले नाही.

पावती मात्र निर्दोष होती. ती फाइलला लावली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

गैरसोयींची नोंद. वीतभर उघड्या दारातून भुशाची बारीक धूळ माझ्या टेबलावर येते. पंधराव्या शतकातील पानावर पाइनचा भुसा ही गोष्ट मी सहन करणार नाही. शिवाय बाहेरच्या तोट्यांच्या भोकांतून धुके आत शिरते. पेलेटला ओल लागली की ते फुगून चुरा होतात. साठवणूक हा माझा व्यवसाय आहे, आणि साठवणुकीचा पहिला नियम म्हणजे बंदिस्तपणा.

म्हणून आज दार बंद केले, चौकटीला रबर बसवले आणि आपोआप मिटणारी स्प्रिंग लावली. तोट्यांवर बिनभोकांची झाकणे घट्ट आवळली. दारावर इशाऱ्याचा एक पिवळा कागद होता. तो चार अंशांनी वाकडा होता आणि त्यावरील अक्षरे तीन वेगवेगळ्या वळणांची होती. तो काढून फाइलला लावला.

टेबल स्वच्छ. प्रथमच समाधान.

३ नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी साडेचारला, बॉयलरने नेहमीप्रमाणे नळीतून पेलेट ओढून घेतल्यावर, मी पहिल्यांदा साठा मोजला. टेबलाशेजारच्या भिंतीवर वरून खाली, प्रत्येक वितीवर दोन ठोके. बद्द आवाज लागला तेथे पेन्सिलीने रेघ मारली.

अर्ध्या मिनिटात झेंझीबाई तळघराच्या पायऱ्यांवर उभ्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात, पायात एकच चप्पल. ठोके गटाराच्या नळीतून त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातात म्हणे. हाक का दिली नाही, म्हणून त्या माझ्यावर ओरडल्या, मग पायरीवर बसून रडल्या, आणि मग सर्व सांगितले.

त्यांचे पती वेंडेलिन अकरा वर्षांपूर्वी जानेवारीत याच कोठारात गेले. पेलेटची कमान धरली होती, खालून माल ओढला गेला आणि वर पोकळ छप्पर राहिले, म्हणून ते फोडायला झाडू घेऊन आत गेले. तेव्हा दोघे याच घरात राहत; बाई वर सूप ढवळत होत्या. भिंतीवर दोन ठोके आले. थोड्या वेळाने आणखी दोन. बाईंना वाटले, मोजतायत. “मी म्हटलं, मोज बाबा मोज, तुझा हिशेब काही संपायचा नाही. आणि मी मीठ घातलं.” ठोके चार वेळा आले होते. सूप तयार झाल्यावर त्या बोलवायला गेल्या.

मी त्यांना पाणी दिले. बंद दार त्यांना दिसू नये म्हणून मी पायरीच्या या बाजूला उभी राहिले. हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी. दोन ठोके मारले, तिसरा आला.

पेलेट खाली बसताना आवाज होतो. कारण पुरेसे आहे.

झेंझीबाई पुन्हा धावत आल्या. या वेळी दोन्ही चपला होत्या.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डोके दुखते. मठात दुखत नाही, घरी टेबलाशी बसले की दुखते. येथील कॉफी वाईट आहे.

तिसरा ठोका रोज येतो. तो माझ्या ठोक्याच्या जागी येत नाही, खाली येतो, गुडघ्याच्या उंचीवर. आज मी मुद्दाम छताजवळ ठोकले. उत्तर गुडघ्याच्या उंचीवरच आले.

“उत्तर” हा शब्द खोडायला हवा होता. राहू देते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाई तीनदा आल्या. एकदा तर मी ठोकलेही नव्हते. त्यांनी ठोके ऐकले म्हणे. वादात माझ्या हातातला फोन पायऱ्यांवरून पडून फुटला, आणि माझ्यासमोर ओले पान पसरलेले होते. लेखी कळवणे भाग पडले. प्रत येथे उतरवते :

“सौ. लोइडोल्ड यांस. मी यापुढे माझ्या सोयीने कोणत्याही वेळी साठा मोजेन व हाक देणार नाही. ठोके ऐकू आल्यास आपण येऊ नये. माझ्या कामात व्यत्यय येतो. हे आपणांस मान्य असल्याचे कृपया लेखी कळवावे.”

२० नोव्हेंबर, बुधवार

उत्तर आले, कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे. “डाक्टरबाई, ठोका तुमी. मी येनार नाही. मला ते ऐकून घरात बसनं किती जड जाईल तुमाला काय सांगू, पन तुमी लेखी मागितलं, हे घ्या लेखी. नाताळची बिस्किटं करीन तवा डबा दाराच्या पायरीवर ठिवून जाईन, आत येनार नाही. झेंझी.”

चुका लाल शाईने दुरुस्त करून कागद फाइलला लावला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

धुराडे झाडणारे सेवेरिन आठची वेळ देऊन सात मिनिटे उशिरा आले, बुटांना काजळी. मी दारातूनच परत पाठवले. ते बाहेर तोट्यांजवळ बराच वेळ वाकून उभे होते, मग फटीतून चिठ्ठी सरकवली : “भोकांची झाकणं कुठं गेली. कोठाराला श्वास पायजे. गोळ्यांतनं वाईट हवा सुटते तिला वास नसतो माणूस झोपल्यागत जातो. दार उघडं टाका. एकटं आत जाऊ नका. शुक्रवारी सहाला येतो तेव्हा मला आत घ्या.”

विरामचिन्हे नाहीत. “सहाला” म्हणजे सहा तारखेला की सहा वाजता? शिवाय विधान चूक आहे. वास येतो. खवट तेलाचा.

लाल शाईने दुरुस्त केले. वाचताना अक्षरे हलत होती, म्हणून दोन वेळा केले.

३० नोव्हेंबर, शनिवार

काल मठात गेले नाही. उलटी. ग्रंथपालांचा निरोप आला, पान कधी परत करता. ते पान टेबलावर आहे, सरस अजून ओला. ते मी सुखरूप परत करणार. तेवढे मला करता येते, आणि तेच मला करता येते.

मोजणी. एकही ठोका मारला नाही. दोन आले.

नंतर आणखी दोन. भिंतीला कान लावला. भिंत गरम होती, आणि भिंतीपलीकडे कोणी तरी — नाही. पेलेट सरकतात. त्यांचा आवाज पावसासारखा होतो, हे कोणालाही माहीत आहे.

२ डिसेंबर, सोमवार

रेघा पाहिल्या. माझ्या रेघा छातीपासून कमरेपर्यंत उतरल्या आहेत, साठा कमी होतो आहे, बरोबर आहे. पण गुडघ्याच्या उंचीवर एक रेघ आहे जी मी मारलेली नाही. तीही सरळ आहे. अत्यंत सरळ. माझ्यापेक्षा.

पिवळा कागद फाइलमधून काढून वाचायला घेतला. पहिली ओळ : जीवाला धोका. दुसरी ओळ वाचता — डोळे.

सेवेरिन सहा तारखेला. शुक्रवारी. मी दार उघडीन. त्यांनी बूट पुसावेत.

४ डिसेंबर, बुधवार

मोजणी नाही. ठोके — नऊ वेळा. दोन, दोन, दोन.

झेंझीबाई आल्या नाहीत. बरोबरच आहे.

खिडकीतून त्या दिसल्या. स्वयंपाकघरात कानांवर हात धरून उभ्या होत्या.

४ डिसेंबर

तारीख पुन्हा लिहिली. आज पाच आहे. मी तारीख कधीच चुकत नाही.

सकाळपासून बॉयलर थंड. नळी ओढते, काही येत नाही. भिंतीवर ठोकले, खाली पोकळ, वर बद्द. कमान धरली आहे. घर चौदा अंश. सरस वाळणार नाही, पान वाकेल, पाचशे वर्षे सरळ राहिलेले पान माझ्या टेबलावर वाकेल. उद्यापर्यंत थांबता येत नाही.

झाडू घेतला. वही एप्रनच्या खिशात. पाच मिनिटांचे काम.

दुपारी तीन

कमान फुटली. पेलेट आले — सगळे एकदम, पावसासारखे. कमरेपर्यंत. पाय हलत नाहीत. दार मागे मिटले. स्प्रिंग माझीच. चौकटीच्या रबरात एक फटही नाही. काम चांगले झाले आहे.

दिवा आहे. लिहिता येते. शुद्ध लिहावे.

गावात क्राम्पुसच्या, शिंगवाल्या राक्षसांच्या सोंगांच्या, घंटा वाजत आहेत, मुले ओरडत आहेत. मीही ओरडले. आवाज — पेलेट आवाज खातात.

भिंत हाताला लागते. दोन ठोके मारले.

दोन.

दोन.

वर पावले. घराच्या दाराची पायरी बरोबर माझ्या डोक्यावर आहे. डबा ठेवल्याचा आवाज. बिस्किटे. त्या आल्या, झेंझीबाई आल्या — मी ठोकले, दोन्ही हातांनी —

पावले थांबली.

बराच वेळ थांबली. मग त्यांचा आवाज आला, रडवेला, दगडातून, मोजा हो डाक्टरबाई, मोजा तुमी, मी नाही येत, लेखी दिलंय ना — आणि पावले गेली. पळत.

माझे दिनांक एकोणीसचे पत्र रद्द समजावे. रद्द. आपण यावे. हे पत्र मिळताच आप

डोके आता दुखत नाही. झोप येते. चांगली झोप.

ठोके

मी नाही. माझे हात वहीवर आहेत. भिंतीच्या त्या बाजूने, माझ्या टेबलाच्या खोलीतून. छताजवळ दोन. पोकळ. वीतभर खाली, दोन. पोकळ. घाई नाही. नीट, वितीवितीने, मी मोजते तसेच. हाक नाही. “मोजतोय” असे कोणी म्हणत नाही. घरात कोणी नाही.

छातीपाशी दोन. बद्द.

थांबले. पेन्सिलीची रेघ ऐकू येते आहे.

भिंतीपलीकडच्या इसमास. आपण कोण आहात, आणि काय उरले आहे म्हणून मोजत आहात, याचा खुलासा करावा. दार उघडावे. आधी दार. उत्तर लेखी द्यावे, दिनांक व स्वाक्षरीसह, आजच्या आज, उत्तर लेखी दे